रतनपुरुषाला घातलेलं कुंपण

व्हायोलेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंड हवा आणि बर्फ येतो. बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले त्या वर्षी स्टाफरूममध्ये मी सहज बोलून गेले, की मला आपल्या देशातल्या रानटी व्हायोलेटांच्या वर्गीकरणावर काम करायचं आहे. इतिहासाचे एक सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मग इकडं कशाला आलात? उसाच्या सरीत उगवतात होय ती?" सगळे हसले. मीही हसले, आणि मनातल्या मनात तो कप त्यांच्या डोक्यावर उपडा केला. मला राग लवकर येतो. जायला मात्र वेळ लागतो, आणि तोवर मी पुष्कळ नुकसान करून बसलेली असते. हे लिहायला बसले आहे तेही त्यामुळेच.

तर उसाच्या सरीत नाही, पण माळावर उगवतात. त्या कुळातलं एक रोप आपल्याकडे सगळ्यांच्या पायाखाली असतं. रतनपुरुष म्हणतात त्याला, आणि काष्ठौषधींच्या दुकानात ते वाळवून विकतात. वीतभर उंची, बारीक पानं. फुलाला पाच पाकळ्या. त्यातल्या चार इतक्या लहान की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पाचवी तेवढी मोठी, गुलाबी-जांभळी, खाली लोंबणारी, पोराने जीभ काढून दाखवावी तशी. पावसाळ्यात आखूड गवतात ते फुलतं आणि कोणी लक्ष देत नाही.

या रोपाची शास्त्रातली नावं इतक्यांदा बदलली आहेत की त्याला स्वतःलाच आपण कोण हे सांगता यायचं नाही. एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळी झाडं कोंबली आहेत असं कोणी म्हणतो, तर कोणी म्हणतो की एकाच झाडाची पाच-सहा रूपं आहेत. हा गुंता सोडवायचा म्हणजे देशभरातले वाळवलेले नमुने बघायचे, बी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्यावरच्या रेघा मोजायच्या, पानाखालची लव बघायची, आणि मग ठरवायचं की हे ते नव्हे. मी हे आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी सोयरीक जुळवायला बसल्यावानी. कोण कुणाच्यातलं ते बघायचं." आणि मग थोडं थांबून, "कोण कुणाच्यातलं ते बघूनच आपल्याला येशीभाईर ठिवलं हुतं. दुसरं काय काम मिळालं न्हाय व्हय तुला?"

माझे आजोबा धम्मदीक्षा घेतलेले. वडील वालचंदनगरला फिटर होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. गावाने ठेवलेली नावं सोसण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. तेव्हा एखाद्या गोष्टीला नाव आपण द्यायचं, जगभर ते तसंच छापलं जायचं, पुढे कोणीही ते झाड हातात घेतलं तर त्याला आपण दिलेल्या नावानेच बोलावं लागायचं, याची मला किती ओढ होती हे मी आईला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. संशोधक अशा गोष्टी बोलत नाहीत, शास्त्राची सेवा वगैरे बोलतात.

ते रोप मला पळसदेवच्या अलीकडे सापडलं. गावाचं नाव सांगत नाही. श्रावणातला रविवार होता. हायवेवर एसटीतून उतरून मी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या दिशेने चालत गेले. खाली पाण्याच्या कडेपर्यंत ऊस, वर मुरमाड उताराचं गायरान. गायरानात मेंढ्या चरत होत्या. गवत इतकं आखूड की सतरंजीवर चालतोय असं वाटावं. त्यात रतनपुरुष होतंच, नेहमीचं. आणि त्याच्याच मधे, जमिनीला चिकटून पसरलेलं, एक दुसरं होतं.

मी गुडघ्यांवर बसले. पाकळी पांढरी, तिच्यावर जांभळ्या शिरा. खोड उभं नाही, आडवं. एक पिकलेलं बोंड फोडून बी भिंगाखाली धरलं तर त्याच्यावर रेघा नव्हत्या, बारीक खळगे होते. मी कितीतरी ठिकाणचे नमुने बघितले होते आणि खळग्यांचं बी कुठेही बघितलं नव्हतं. रोपं मोजली, चाळीसच्या आसपास भरली. नियमाप्रमाणे दोनच उपटली, मुळासकट, आणि वर्तमानपत्रात घालून दाबली.

मेंढ्यांमागची बाई थोड्या अंतरावर काठीला टेकून उभी होती. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने विचारलं, "काय हारवलं का?"

"नाही, झाड बघतेय."

"बघा की," ती म्हणाली.

तेवढ्यात एका मेंढीने माझ्यापासून हातभर अंतरावर त्यातल्याच एका रोपाला तोंड लावलं. पांढरी पाकळी तिच्या ओठांत गेलेली मी डोळ्यांनी बघितली. मी ओरडले, "अहो, हाकला ना तिला! हाकला!" बाईने जिभेने चक् केलं, आणि अख्खा कळप उताराखाली नेला.

त्या दिवसानंतर मी नीट झोपले नाही. घरी परतल्यावर भात खाताना, वर्गात फळ्यावर लिहिताना, मला ते मेंढीचं तोंड दिसायचं. अख्ख्या जगात हे झाड एवढ्या एकाच उतारावर आहे आणि रोज सकाळी दोनशे तोंडं त्याच्यावर येतात. पुण्यात माझे मार्गदर्शक होते, आता निवृत्त झालेले. त्यांना मी बी दाखवायला घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "घाई करू नका. नाव देणं सोपं असतं, मागे घेणं अवघड." मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. मी शोधनिबंध लिहायला घेतला, आणि प्रजातीला असलेला धोका या मथळ्याखाली मी एकच शब्द लिहिला, अतिचराई. त्या शब्दाला पुरावा म्हणून माझ्याकडे एका मेंढीचा एक घास होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी कुंपणाच्या मागे लागले. गावच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष म्हणजे एक तात्या होते, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. इंदापूरला तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर मी त्यांना फोटो दाखवले. तात्यांचे डोळे चमकले. "आमच्या गावात हाय, आन् जगात कुठंच न्हाय?"

"कुठंच नाही."

"मग पेपरात येईल की."

"येईल," मी म्हणाले.

एका संस्थेने खांब दिले, काटेरी तार दिली. समितीने ठराव केला. फलकावरचा मजकूर मी स्वतः लिहून दिला: दुर्मिळ वनस्पती, संरक्षित क्षेत्र, आत जनावरे चारण्यास सक्त मनाई. सक्त हा शब्द माझा. नारळ फुटला, मी दहा मिनिटं भाषण केलं, मला शाल मिळाली. रस्त्याच्या पलीकडे ती मेंढपाळ बाई कळप घेऊन उभी होती आणि भाषण ऐकत होती, किंवा नुसतीच उभी होती. भाषणात मी म्हणाले की निसर्ग वाचवायचा तर कोणाला तरी थोडा त्रास होणारच. टाळ्या पडल्या. कोणाला, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही.

पहिल्या पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं. पवन्या आणि कुसळी ही गवतं वाऱ्यावर हलताना बघून मला इतका आनंद झाला की मी उतारावर उभी राहून फोटोच काढत बसले. किती वर्षांनी या जमिनीला श्वास घ्यायला मिळाला, असं मी वर्गात सांगितलं. रोपं मोजली, अकरा निघाली. मेंढ्यांनी आधी केलेलं नुकसान भरून यायला वेळ लागणार, असं मी वहीत लिहिलं.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत आलं. रोपं तीन. पाऊस उशिरा आला म्हणून, असं लिहिलं. तिन्ही रोपांना मी नंबर घातलेल्या पट्ट्या तारेने बांधल्या आणि एकालाही हात लावला नाही. फूल नव्हतं. बोंड नव्हतं. पानं मात्र फिकट आणि लांबट झाली होती, उजेडाकडे मान वर करून बघणारी. मला तेव्हा कळायला हवं होतं. खिडकीत ठेवलेली कुंडी कशी वाकते हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी शिकवते.

त्याच दिवाळीत मी निबंध पाठवला. फेब्रुवारीत परीक्षकांचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बी खरंच वेगळं आहे, पण दोन वाळलेल्या रोपांवर नवी प्रजाती सांगणं धोक्याचं आहे. ताज्या फुलाचे फोटो द्या, डीएनएसाठी ताजं पान द्या, आणखी बी द्या. येता पावसाळा संपेपर्यंतची मुदत होती. मी म्हणाले, एवढंच ना? तीन रोपं आहेत, पट्ट्या बांधलेली आहेत. आषाढात जाऊन येते.

आषाढात मला तिन्ही पट्ट्या सापडल्या. एक गवताच्या बुडाशी चिखलात, दोन तारेसकट तशाच. रोपं नव्हती.

पुढचे दोन महिने मला सलग आठवत नाहीत. सकाळचे तास संपले की मी बारामतीच्या स्टँडवर पळायचे, इंदापूरची गाडी धरायची, तिथून दुसरी, मग चालत. सुतळी बांधून मी सगळ्या उताराचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनात गुडघे-कोपरांवर रांगत गेले. कुसळं कपड्यांतून आत शिरायची, परतीच्या गाडीत मी ती एकेक काढत बसायचे आणि शेजारची बाई सरकून बसायची. एक चौकोन झाला की वाटायचं, घाईत बघितला, परत बघायला हवा. परत बघायचे. प्रत्येक हिरवा ठिपका आधी तेच रोप वाटायचा आणि मग नसायचा. नेहमीचं रतनपुरुषसुद्धा आत कुठे उरलं नव्हतं, आणि मला त्याचा अर्थ लागला नाही, कारण मी ते शोधत नव्हते.

घरी माझं कोणाशी धड बोलणं नव्हतं. वर्गात एका मुलीने वहीत पाकळ्यांची संख्या चुकीची लिहिली म्हणून मी तिची वही भिरकावली. नंतर माफी मागितली, पण वर्ग त्या दिवसापासून मला घाबरायला लागला. नवरा एकदा म्हणाला, "अगं, एक झाडच आहे ना?" त्याच्याशी मी आठवडाभर अबोला धरला. एका संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर, ट्रकांच्या धुरात, गाडी सुटली म्हणून मी बाकावर बसून रडले. गाडी पाच मिनिटांत दुसरी होती. मी गाडीसाठी रडत नव्हते. जगात फक्त मलाच माहीत असलेली एक गोष्ट माझ्या हातून निसटत होती, आणि मी ती पकडायला जिथे बोटं घालत होते तिथे नुसतं गवत लागत होतं.

आणि मग मला राग आला. रागाचं एक बरं असतं, तो माणसाला कामाला लावतो. मी ठरवलं की मेंढ्या आत सोडल्या गेल्या आहेत. कुठेतरी तार वाकवून, आडवेळी, कोणाचं लक्ष नसताना. नाहीतर चाळीस रोपं जातात कुठे? आत एकही लेंडी दिसली नव्हती हे मी विसरले, कारण मला ते विसरायचं होतं.

त्या मेंढपाळ बाईचा पत्ता काढायला मला दोन दिवस लागले. तात्यांच्या फोनवरून कळलं की ती आता इंदापूरच्या बाजूला एका पेरूच्या बागेत कामाला जाते. मी गेले. दुपारची वेळ होती. बायका ओळीने झाडांखाली उभ्या राहून लिंबाएवढ्या पेरूंना आधी फोमची जाळी आणि मग प्लॅस्टिकची पिशवी घालत होत्या. ती मला लगेच ओळखू आली, आणि मीही तिला.

"तुम्ही माळावर मेंढ्या सोडल्यात का?" मी नमस्कार केला नाही, कशा आहात विचारलं नाही. "खरं सांगा. तारेच्या आत सोडल्यात?"

तिने हातातल्या पेरूला पिशवी चढवली, वर दोरा आवळला, आणि मग माझ्याकडे वळली.

"म्याडम, मेंढरं इकली. दोन वर्सं झाली."

तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

"पावसाळ्यात त्यो एकच माळ हुता आमाला. खाली सगळा ऊस. ऊसवाला बांधाला पाय लावू देतोय व्हय? तार झाली, मंग फिरवायची कुठं? चार म्हैनं हितं-तितं केलं. शेवटी बाजारात न्हेली." ती दुसऱ्या पेरूकडे वळली. "आता सावलीत काम हाय. बरं हाय."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या तोंडून काय निघालं? मी म्हणाले, "आक्का, ते झाडही गेलं."

"कंचं?"

मी फोन काढून फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसले, फोन लांब धरला, जवळ धरला. "ही व्हय? ही तर बक्कळ असायची. त्या बारक्या मेंढरांच्या वाटंला, दगडाच्या आंगाला." मग फोन परत देत म्हणाली, "ह्येच्यापायी तार घातली हुती?"

"हो."

मी तिला विनंती केली की एकदा माझ्याबरोबर माळावर चला, मला काही समजत नाही. का बोलावलं, मलाही नीट माहीत नव्हतं. बुडणारा माणूस काडी धरतो म्हणतात. मी ज्या बाईच्या तोंडचा घास काढून घेतला होता तिचाच हात धरत होते. ती म्हणाली, बाजाराच्या दिवशी सुट्टी असते, तेव्हा येते.

बाजाराच्या त्या दिवशी सकाळी पुण्याहून माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. आवाज आनंदी होता. संपादकांशी त्यांचं बोलणं झालं होतं. "पुन्हा मिळत नसेल तर राहू द्या. बी इतकं स्पष्ट आहे की वाळलेल्या रोपांवरही नाव छापायला ते तयार आहेत. नंतर आढळली नाही, बहुधा नामशेष, अशी एक ओळ घाला. धोक्याच्या जागी तुम्ही अतिचराई लिहिलंच आहे, ते चांगलं जुळतं." आणि मग, "अभिनंदन."

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आला, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. नाव मिळणार होतं. जगभर छापलं जाणार होतं. त्या नावाला ओ देणारं काहीच उरलं नव्हतं. मी सरांना म्हणाले, संध्याकाळी कळवते.

इंदापूरहून आम्ही दोघी एकाच बाकावर बसून गेलो. तिने वाटेत मला पिशवीतला पेरू दिला, मी तो हातातच धरून बसले. माळावर पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. तिने फलकाकडे बघितलं, वाचता येत नसावं, किंवा आधीच कोणी वाचून दाखवला असेल. खालची तार तिने काठीने उचलली आणि झटकन आत गेली. मी अजून पिशवीत फाटकाची किल्ली शोधत होते.

आत गेल्यावर ती चार पावलं चालली आणि थांबली. वाकून दोन्ही हातांनी तिने गवत दुभंगलं, आईने पोरीचे केस विंचरायला भांग पाडावा तसं. खाली गेल्या वर्षीचं आणि त्याच्या आधीच्या वर्षीचं गवत कुजून थर झालेला होता, पिवळा, ओलसर. माती दिसतच नव्हती. दोन महिने मी याच्यावरून रांगले होते, त्याच्या खाली बघितलंच नव्हतं. मला फक्त हिरवं दिसत होतं.

"ह्येच्यात काय जगंल?" ती म्हणाली. "उजेड न्हाय, वारं न्हाय. मेंढरू वरचं गवात खातं, खाली बारक्याला ऊन मिळतं. खुरानं माती उकरती, त्येच्यात बी बसतं. लेंडी पडती. आमी सोडून गेलो का माळ असाच दाटतो. म्हाताऱ्या मान्साला इचारा कुनालाबी."

"पण मी स्वतः बघितलं," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच भांडखोर वाटला. "मेंढीने ते रोप खाल्लं. माझ्यासमोर."

"तोंड लावलं आसंल. मेंढरू सगळ्याला तोंड लावतं. ही खात न्हाय ते, टाकतं. थांबला आस्ता तर दिसलं आस्तं."

मी थांबले नव्हते. मी ओरडले होते.

ती गवत सोडून सरळ उभी राहिली. कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं आता बोलेल, मेंढ्यांबद्दल, भाषणाबद्दल, त्या सक्त मनाईबद्दल. माझी तयारी होती. ती शांतपणे म्हणाली, "मी तितंच हुते की म्याडम. वीस पावलावं. मला इचारलं का न्हाय?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी परतवला असता.

मी पुण्याला विचारलं होतं. परगावच्या वनस्पतिसंग्रहांना पत्रं लिहून विचारलं होतं. परदेशातल्या एका माणसाला, ज्याला मी कधी बघितलं नाही, त्याला बियांच्या खळग्यांबद्दल चार मेल केले होते. ही बाई लहानपणापासून या उतारावर उभी होती, आणि ती मला फक्त मेंढ्यांच्या मागे असलेली दिसली होती. कोणत्या गवतानंतर काय उगवतं, कोणत्या दगडापाशी काय असतं, हे तिला माझ्या सगळ्या वह्यांपेक्षा जास्त माहीत होतं. ज्यांना कधी कोणी काही विचारलं नाही, ज्यांच्याबद्दल सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं, अशा घरातली मी. माझ्या आजोबांना वेशीबाहेर ठेवणाऱ्यांनीही त्यांना विचारलं नव्हतं. शाल घेताना, टाळ्या ऐकताना, माझ्या हे मनातसुद्धा आलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"चुकलं माझं, आक्का," एवढंच मला म्हणता आलं.

ती "हं" म्हणाली. समजूत काढली नाही, आणि त्यासाठी मी तिची ऋणी आहे.

"मातीत बी असेल अजून," मी म्हणाले. आता मी भराभर बोलत होते. "चार-पाच वर्षं टिकतं काही वेळा. मेंढ्या आल्या, गवत खाली आलं, माती उकरली गेली, तर येईल परत. मी तात्यांना सांगते. ठराव मागे घ्यायला लावते."

मी तिथूनच फोन लावला. तात्या आधी हसले. मग म्हणाले, "म्याडम, तुमीच म्हनलात घाला, घातली. आता तुमीच म्हनताय काढा. गावात माझं हसं करता का? पेपरात फोटू आलाय. सरकारी मान्सं बघून ग्येली, लई खूश झाली, गवात बघा म्हनली किती वाढलंय." पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. पुढची सभा कधी, ते त्यांना माहीत नव्हतं. पावसाळ्याचे जेमतेम वीस दिवस उरले होते.

मी फोन बंद केला. मग मी सरांना मेसेज लिहिला: नाव आत्ता छापू नका. धोक्याच्या जागी अतिचराई खोडा, तिथे कुंपण लिहा, आणि ते लेखिकेने घालायला लावलं असंही लिहा. पाठवताना एकदाही वाचून बघितला नाही. वाचला असता तर कदाचित शेवटचं वाक्य काढलं असतं.

रोपांना पट्ट्या बांधायला तार लागते, तिच्यासाठी पक्कड माझ्या पिशवीत असते. लहानशी आहे, काटेरी तारेसाठी नाही. फाटक उघडून भागलं नसतं, ते कोणीही परत लावलं असतं. मी कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले आणि खालच्या तारेला ती लावली. दोन्ही हातांनी जोर केला. पक्कड घसरली, काटा तळहातात गेला, रक्त आलं. परत लावली. पिळत, वाकवत, शेवटी तुटली, आणि तिचं टोक झटक्याने गवतात जाऊन पडलं. मग मधली. मधलीला जास्त वेळ लागला. मला हुंदके येत होते, आणि कोणी हायवेवरून बघितलं असतं तर कॉलेजातल्या बाई वेड्या झाल्या असंच म्हटलं असतं.

ती दगडावर बसून माझ्याकडे बघत होती. उठली नाही. वरची शेवटची तार तुटली तेव्हा खांबांच्या मधे दोन मेंढ्या शेजारी शेजारी जातील एवढी वाट झाली.

"झाली," मी म्हणाले.

"व्हय, झाली की," ती म्हणाली. तिने त्या वाटेकडे बघितलं, मग मोकळ्या उताराकडे, मग खाली पाण्यापर्यंत गेलेल्या उसाकडे. "पर आता आत काय सोडू मी?"